सदूभाऊ गार्डांचा अर्धा तास

सदूभाऊ गार्ड घराबाहेर पडताना आधी शिट्टी वाजवत. तोंडाने नव्हे, खिशातल्या पितळी शिट्टीने. मग उंबऱ्यावर उभे राहून गल्लीत डावीकडे-उजवीकडे बघत आणि "लाइन क्लिअर" असं स्वतःलाच सांगून पाऊल बाहेर टाकत. भाजी आणायला जायचं असलं तरी हा सोहळा चुकत नसे. माझं घर समोरच. शाळेत ड्रॉइंग शिकवणाऱ्या माणसाच्या आयुष्यात करमणूक बेताचीच, म्हणून मी ही फुकटची करमणूक रोज खिडकीतून बघत असे.

सव्वीस वर्षं त्यांनी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून काढली होती. मालगाडीचा धर्म एकच. मागून मेल आली की बाजूच्या रुळावर जाऊन गप्प उभं राहायचं. हा धर्म सदूभाऊंच्या हाडीमाशी भिनला होता. नळावर त्यांचा नंबर आलेला असताना मागचा माणूस नुसता खाकरला, तरी हे बादली घेऊन बाजूला. "जाऊ द्या हो, मेल आहे. आपली मालगाडी." लग्नात ते तिसऱ्या पंगतीला बसत, तोवर जिलबी संपलेली असे. बढतीचंही तेच झालं. त्यांच्या मागून लागलेली तीन पोरं पॅसेंजरवर गार्ड झाली आणि यांनी प्रत्येकाचा पेढा आनंदाने खाल्ला.

असा माणूस सायकलच्या शर्यतीत नाव देतो म्हटल्यावर लोणावळ्याचा बाजार आठवडाभर हसत होता. मीही हसलो. खरं सांगायचं तर सुरुवात मीच केली.

शर्यत गावातल्या एका व्यायामशाळेने ठेवली होती. वडगावच्या कचेरीपासून लोणावळ्याच्या बाजारापर्यंत, पंधरा मैल. नावं दिलेले बाकीचे नऊ जण विशी-बाविशीचे. सदूभाऊ पन्नाशीचे, आणि सायकल शिकून वर्षही झालं नव्हतं. गुडघ्यांवरच्या खपल्या अजून ताज्या होत्या. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, तेव्हा कान उपटायला घरात कुणी नव्हतं. ते काम मी अंगावर घेतलं.

"सदूभाऊ, ह्या वयात कशाला हा उपद्व्याप?"

"मास्तर, मला मळवली-लोणावळा अर्ध्या तासाच्या आत करायचंय. एकट्यानं जमत नाही. चौतीस मिनिटांच्या खाली येतच नाही. शर्यतीत म्हणे माणसाला आपोआप जोर चढतो."

"अहो, पण शर्यत वडगावपासून आहे. मळवलीचा फाटा म्हणजे शेवटचे पाच मैल."

"आधीचे दहा तुमच्या व्यायामशाळेचे. ते पाच माझे."

अशा माणसाशी काय वाद घालणार? त्यांची तयारीही तसलीच. सुट्टीच्या दिवशी सायकल पॅसेंजरमध्ये चढवून मळवलीला उतरायचं आणि तिथून दामटत घरी यायचं. वडगावच्या दिशेला त्यांनी एकदाही तोंड केलं नाही. निघण्याआधी हातोडीने सायकलच्या दोन्ही चाकांवर टकटक करून कान लावत, आगगाडीची चाकं तपासतात तसे. मागे तांबडा कंदील, तोही भर दिवसा. वलवणला रस्त्याकडेला एक दूधवाली म्हातारी बसे. ती त्यांना दर वेळी हटकायची.

"अवं भाऊ, कुटं आग लागलीय व्हय? जरा दम खावा की हितं."

"उशीर होतोय, मावशी."

"कशाला उशीर?"

ह्याचं उत्तर त्यांनी तिला कधी दिलं नाही. मीही एकदा विचारून पाहिलं, तेव्हा त्यांनी साखळीला तेल घालायला घेतलं.

शर्यतीच्या सकाळी मी पंच म्हणून भाड्याच्या लॉरीत बसलो होतो. वडगावला निशाण पडलं आणि नऊ पोरं सुटली. सदूभाऊंनी शिट्टी वाजवली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, "लाइन क्लिअर" म्हणाले आणि मग पेडल मारलं. तोवर पोरांची नुसती धूळ उरली होती.

तरी नशीब असं की कान्हे गावाच्या पुढे दोघांच्या चाकांना बाभळीचे काटे लागले आणि सदूभाऊ आठवे झाले. ते दोघे चाकं नीट करून मागून घंटी वाजवत आले मात्र, सदूभाऊ खाली उतरले, सायकल कडेला घेतली आणि कोटाच्या खिशातून हिरवं निशाण काढून त्यांना दाखवलं! कामशेतला तर कहर. हँडलला त्यांनी स्वतःचं वेळापत्रक चिकटवलं होतं. त्याप्रमाणे ते चार मिनिटं आधी पोचले, म्हणून थांबले.

"अहो, चला!" मी लॉरीतून ओरडलो.

"वेळेआधी गाडी सोडता येत नाही, मास्तर."

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी पारावर हे कसं रंगवून सांगायचं, त्याची वाक्यंसुद्धा मी तिथेच जुळवली.

मळवलीच्या फाट्यावर मात्र त्यांनी घड्याळ काढून पाहिलं, ते खिशात टाकलं आणि मान खाली घातली. तिथून पुढे हा माणूस मी ओळखत नव्हतो. ते रस्त्याच्या मधोमध निघाले. पायात गोळा येऊन एक पोरगा कडेला बसला होता, त्याला मागे टाकलं. आम्हाला बक्षीस द्यायला पुढे जायचं होतं, म्हणून ड्रायव्हरने भोंगा वाजवला. सदूभाऊ हलले नाहीत. परत वाजवला. छे!

"गार्डसायब सरकंनात," ड्रायव्हर म्हणाला. "आज लय येगळंच दिसतंय."

आयुष्यभर खाकरण्यालाही वाट देणारा माणूस आमच्या लॉरीला वाट देईना. वलवणची म्हातारी चरवी खाली ठेवून उभी राहिली. "पळवा, भाऊ, पळवा!" असं तिने ओरडून सांगितलं, तिकडेही त्यांनी पाहिलं नाही.

बाजारात पोचलो तेव्हा पहिल्या आलेल्या पोराची खांद्यावरून मिरवणूक चालली होती. सदूभाऊ नववे. पण ते थांबलेच नाहीत. गर्दीतून वाट काढत, पंचांच्या टेबलाला वळसा घालून सरळ आमच्या गल्लीत शिरले. शर्यत संपल्याचंही ह्यांना कुणीतरी सांगायला हवं, म्हणून मी हसत हसत मागे धावलो.

सायकल अंगणात आडवी पडली होती. सदूभाऊ उंबऱ्यावर बसले होते. त्यांनी घड्याळ माझ्यापुढे धरलं.

"मास्तर, हे बघून सांगा. फाट्यावर आठ वाजून सहा झाले होते."

"आठ चौतीस," मी म्हणालो. "अठ्ठावीस मिनिटं. पण सदूभाऊ, शर्यत तर बाजारात..."

"अठ्ठावीस," ते म्हणाले. "त्या दिवशी माझी गाडी मळवलीला बाजूला घातली होती. मेल जायची होती. स्टेशनात तारेवर निरोप आला, हिचं काही खरं नाही, लगेच निघा. स्टेशनमास्तर म्हणाले, मी तुमची गाडी सांभाळतो, माझी सायकल न्या. सायकल समोर भिंतीला टेकून होती. मला येत नव्हती, मास्तर."

मी त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसलो.

"मेल गेली, मग आम्हाला सोडलं. डॉक्टर म्हणाले, निरोप धाडल्यावर अर्धा तास होती. दाराकडे बघत होती."

पारावरची जुळवलेली सगळी वाक्यं मी तिथेच टाकून दिली. समोरच्या खिडकीत बसून सहा वर्षं मी ह्या माणसाला हसत आलो होतो. मला माझीच लाज वाटली.

सदूभाऊंनी घड्याळ कोटाच्या बाहीने पुसलं आणि परत एकदा नीट पाहिलं.

"पोचलो असतो," ते म्हणाले. "दोन मिनिटं बोलायलासुद्धा मिळाली असती."