शर्यतीवर विरजण

तिसऱ्या वळणावर आमोदची गाडी पुन्हा थिजली. पडद्यावरचा रस्ता, झाडं, मागून येणारी स्वरालीची लाल गाडी, सगळं क्षणभर जागच्या जागी थांबलं. चित्र पुन्हा हललं तेव्हा लाल गाडी पुढे निघून गेली होती आणि आमोदची गाडी रस्ता सोडून शेतात उभी होती. हेडफोनमधून स्वरालीचा शांत आवाज आला, "ऊस बघायला उतरलास का?"

"मशीन अडकतंय गं," आमोद म्हणाला.

"काल नेट गेलं होतं. परवा माउस घसरला होता. चालू दे."

एरवी आमोदनेही हसून सोडून दिलं असतं, पण या शर्यतींवर त्याचं लग्न अवलंबून होतं. गेल्या रविवारी वारज्यातल्या आमोदच्या फ्लॅटमध्ये कांदेपोह्यांचा कार्यक्रम झाला. कसबा पेठेतल्या स्वरालीने पोहे संपवले आणि फावल्या वेळात काय करतोस, असं सरळ विचारलं. आमोदने चाचरत सांगितलं, की कॉम्प्युटरवर गाड्या पळवतो. ती म्हणाली, मीही पळवते. दोन्हीकडच्या आईवडिलांनी एकमेकांकडे सहानुभूतीने पाहिलं. मग तिने जाहीर केलं, की आठवडाभर रोज संध्याकाळी आपापल्या घरून शर्यत खेळू, येत्या रविवारी मी उत्तर कळवते. "माणूस हरताना कसा वागतो, ते मला बघायचंय," ती म्हणाली.

आपण हरू शकतो, हे तेव्हा आमोदच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याचा कॉम्प्युटर नवा कोरा होता. त्याचे फोटो पाहून खराडीच्या ऑफिसातली माणसं हळहळली होती. स्वरालीकडे कॉलेजच्या काळातला लॅपटॉप होता, ज्याचं एक बटण निखळलं होतं. आपल्या मशीनपुढे तिचं कसं होणार, याची आमोदला काळजी वाटली होती आणि ती त्याने तिला बोलूनही दाखवली होती. आता त्याला ते आठवलं, की कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या.

त्याने सगळे उपाय केले. चित्राचा दर्जा इतका उतरवला, की रस्त्याकडेची झाडं फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखी दिसू लागली. नेटवाल्याला बोलावून नवी वायर टाकून घेतली. गाडी अडकतच राहिली. जेवताना त्याने घरात सांगितलं, की बहुतेक ड्रायव्हर जुना झालाय, तो बदलून बघतो.

दिगंबरराव, म्हणजे त्याचे वडील, निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी आमटी भुरकली आणि म्हणाले, "गाडी तूच चालवतोस ना?"

ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरमधला एक प्रोग्राम असतो, हे आमोदने समजावून सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि माझी माकडटोपी कुठे आहे, असं विचारलं. पहाटे फिरायला जाताना कान गारठत होते आणि टोपी चार दिवस सापडत नव्हती. आमोदच्या आईने, श्यामलाबाईंनी, उत्तर न देता ताटात दही वाढलं. दही असं घट्ट आणि गोड लागलं होतं, की टोपीचा विषय तिथेच राहिला.

"यंदाच्या थंडीत एवढं छान कसं लागतंय?" आमोदने विचारलं.

"हाताचा गुण असतो," श्यामलाबाई म्हणाल्या.

गुरुवारी त्याने ऑफिसातल्या शुभंकरला घरी आणलं. शुभंकर मूळचा अमरावतीचा आणि कॉम्प्युटरच्या बाबतीत सगळ्या मजल्याचा डॉक्टर. पाहुणा येतोय म्हटल्यावर श्यामलाबाईंनी आधी लगबगीने जाऊन आमोदची खोली आवरली. मग शुभंकरने खुर्चीत बसून अख्खी शर्यत पळवली. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली.

"अबे, हे तर मस्त चालून राहिलं," शुभंकर म्हणाला. "तुला काय प्रॉब्लेम आहे?"

तो आग्रहाखातर थांबून दहीभात खाऊन गेला. त्याच्या पाठोपाठ आमोद खेळायला बसला. पहिल्या दोन वळणांपर्यंत ठीक होतं. मग श्यामलाबाई दिवाबत्ती करून खोलीत येऊन गेल्या. त्या आल्या कधी आणि गेल्या कधी, हे आमोदला कळलं नाही, कारण हेडफोन चढवल्यावर त्याच्या खोलीतून कोणी कपाट उचलून नेलं असतं तरी त्याला कळलं नसतं. थोड्या वेळात गाडी पुन्हा शेतात गेली.

शुक्रवारी सकाळी त्याने मशीनचा डबा मांडीवर घेऊन रिक्षाने दुकान गाठलं. दुकानदाराने ते चालू केलं, तासभर पळवलं आणि चष्म्यावरून आमोदकडे पाहिलं. "याला काही झालेलं नाही. घरात दुसरं कोणी आजारी आहे का?"

त्या संध्याकाळी तो पुन्हा हरला. ड्रायव्हर बदललाय, तरी अडकतंय, असं त्याने कळवळून सांगितलं. स्वराली म्हणाली, "हो का? आता कोण बसलंय?" आमोदला त्या रात्री नीट झोप लागली नाही. तिला आपण कारणं सांगणारा माणूस वाटत होतो आणि खरं सांगावं तर कारणाशिवाय आपण दुसरं काही बोललोच नव्हतो. ही मुलगी त्याला फार आवडली होती. हरण्यापेक्षा ते जास्त लागत होतं.

शनिवारी संध्याकाळी दाराची घंटा वाजली. श्यामलाबाई भाजीला गेल्या होत्या. दिगंबररावांनी दार उघडलं, तर बाहेर स्वराली लॅपटॉपची बॅग घेऊन उभी.

"काका, मी न कळवता आले. ते मशीन म्हणजे काय प्रकरण आहे, ते मला बघायचंय."

"या, या. आम्हालाही बघायचंय," दिगंबरराव म्हणाले.

आमोदने गडबडीने केस सारखे केले आणि शर्यत सुरू केली. तिसऱ्या वळणावर गाडी थिजली. "बघ," तो जवळजवळ आनंदाने म्हणाला. स्वरालीने पडद्याकडे बघितलंच नाही. तिने खाली बसून मशीनच्या बाजूला हात लावला आणि चटकन काढून घेतला. मग भिंत आणि मशीन यांच्यामधल्या फटीत तिने हात घातला. हाताला लोकर लागली. तिने ओढून बाहेर काढली, तर ती दिगंबररावांची माकडटोपी होती आणि टोपीच्या आत झाकण लावलेलं स्टीलचं भांडं होतं.

तिने झाकण उघडलं. "आमोद," ती म्हणाली, "तुझ्या मशीनमागे दही आहे."

तेवढ्यात श्यामलाबाई भाजीची पिशवी घेऊन दारात आल्या. "अगं, हलवलंस का? मोडेल ना ते," त्यांच्या तोंडून निघून गेलं. मग पाहुणी कोण आहे हे लक्षात येऊन त्या कसनुशा हसल्या. मग सगळं बाहेर आलं. थंडीत दही लागत नव्हतं. केर काढताना मशीनमागून गरम वारा हाताला लागला. वाया जाणारी ऊब वापरली तर कोणाचं काय बिघडतंय, असं त्यांना वाटलं. पाहुणे येणार असले की तेवढं भांडं उचलायचं, कारण लोकांसमोर बरं दिसत नाही.

"काकू, गरम हवा बाहेर पडली नाही की मशीन जीव वाचवायला हळू चालतं," स्वरालीने सांगितलं.

"विरजण पडणं म्हणतात ते हेच," दिगंबरराव टोपी झटकत म्हणाले.

भांडं स्वयंपाकघरात गेलं. स्वरालीने पलंगावर लॅपटॉप उघडला आणि दोघांनी नव्याने शर्यत लावली. मशीन थंड होतं, नेट नवं होतं, ड्रायव्हरही ताजा होता. आमोदची गाडी एकदाही अडकली नाही. तिसरं वळण त्याने झोकात घेतलं आणि सरळ शेतात गेला. लाल गाडी त्याच्या किती पुढे पोचली, हे पडद्यावर मोठ्या अक्षरात आलं.

आमोदने तोंड उघडलं. मशीनकडे पाहिलं, मग भिंतीकडे. सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. "हरलो," तो म्हणाला. "तू माझ्यापेक्षा फारच चांगली चालवतेस."

स्वरालीने लॅपटॉप मिटला. ती पहिल्यांदाच मोकळेपणाने हसली. "एवढं ऐकायला आठवडा लागला," ती म्हणाली आणि बाहेरच्या खोलीत येऊन श्यामलाबाईंना नमस्कार केला. उद्याचं उत्तर आजच देते, माझा होकार आहे, असं तिने सांगितलं. फक्त लग्नानंतर मीही एक नवं मशीन घेणार आणि ते आमोदच्या मशीनशेजारी ठेवणार.

श्यामलाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्यांची नजर हळूच आतल्या खोलीकडे गेली. "दोन मशीनं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "म्हणजे श्रीखंडाचं दही घरीच लागेल."

दिगंबररावांनी टोपी कानांवरून घट्ट खाली ओढली. "टोपी मात्र एकच आहे," ते म्हणाले.