गृहगुरुकुल दरबार आणि राजकन्येची सखी

॥ श्री ॥

गजाननाचे पायीं मस्तक, शारदेचे पायीं लेखणी आणि वायफायचे पायीं सारा भरंवसा ठेवोन हें वर्तमान लिहिलें असे. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, अक्षय्य तृतीयेचे सुमुहूर्तावर एका शहरीं नवें राज्य स्थापन जाहलें, त्याची ही हकीकत. राज्याचें नांव लिहीत नाहीं, कारण दरबार खाजगी, आणि नांव बाहेर फोडिल्यास ग्रूपमधोन काढोन टाकितात. आम्ही कोण हेंही कोणीं पुसूं नये. आम्ही त्या दरबारचे मानकरी, वर्गणी भरोन आंत आलेले, डोळ्यांनीं पाहिलें तें लिहितों. ज्यास पटणार नाहीं त्यानें आपली वेगळी बखर लिहावी, आम्ही अडवीत नाहीं.

ऐसियास, त्या शहरीं शर्वाणीबाईसाहेब दामले म्हणोन एक थोर मानी बाई होत्या, आणि त्यांचे यजमान कौस्तुभराव म्हणोन सौम्य प्रकृतीचे गृहस्थ होते, आणि उभयतांस ऋजुता नामें अकरा वर्षांची एक कन्या होती. बाईसाहेबांचे मनीं ऐसें आलें कीं शाळेंत धर्म नाहीं, संस्कार नाहीं, डब्यांत मात्र नूडल्स आहेत, सबब कन्येस शाळेंतून काढावें आणि घरींच पढवावें. मग तैसें केलें. सकाळीं स्तोत्रें, मग गणित, मग संस्कृत, दुपारीं इतिहास, आणि कन्या हुशार, सर्व झटझट शिकोन मोकळी होई. परंतु एके दिवशीं बाईसाहेब पापड वाळत घालावयास गच्चीवर गेल्या, तों ऋजुता एकटीच सागरगोटे खेळत बसली होती, उजव्या हाताचा एक डाव आणि डाव्या हाताचा एक डाव, आणि डाव्या हातास तिणें बकुळा ऐसें नांव ठेविलें होतें. बाईसाहेबांनीं पुसिलें, "काय गं, कोण जिंकतंय?" त्यावर कन्या म्हणाली, "मीच. बकुळा हरते, पण रुसत नाही. म्हणून मजा येत नाही." हें ऐकिलें मात्र, पापड तैसेच राहिले, आणि बाईसाहेब खालीं येऊन न्हाणीघरांत नळ सोडोन रडल्या. हें त्यांनींच मागाहून आम्हांस सांगितलें.

मग रात्रीं यजमानांसीं मसलत केली. कौस्तुभराव म्हणाले, "अगं, समोरच्या बिल्डिंगमध्ये विचार की. चार-पाच मुली आहेत तिच्या वयाच्या." बाईसाहेब म्हणाल्या, "समोरचे? ते वाढदिवसाला मेणबत्त्या फुंकतात!" यावर यजमानांनीं पांघरूण ओढिलें, कारण तेही लहानपणीं फुंकीत असत. तेव्हां बाईसाहेबांनीं ठराव केला कीं आपलेसारखीं जीं धर्मपरायण कुळें मुलांस घरींच पढवितात तीं सर्व एके ठायीं मिळवावीं, मोबाईलवर एक बंदिस्त दरबार भरवावा, विचारविनिमय करावा, आणि त्यांतून ऋजुतेस एक सखी मिळवावी. वर्गणी ठेवावी, कारण फुकटांत कोणीही घुसतो आणि सुप्रभाताचीं फुलें धाडीत बसतो. कन्येस जवळ घेऊन वचन दिलें, "बघ हं, महिनाभरात तुला मैत्रीण आणते."

मग राज्य स्थापन जाहलें. हेरंबपंत ताम्हनकर म्हणोन एक कडवे गृहस्थ, यांस ॲडमिनपदाचीं वस्त्रें दिलीं. पंतांस पांच वर्षांचे जुळे पुत्र, दोघांस अथर्वशीर्ष मुखोद्गत, आणि दोघे नाक पुसावयास अद्यापि आईस हाक मारीत. पंतांनीं राज्याचे वेशीवर सात प्रश्नांचा पहारा बसविला, आणि उत्तरें पसंत पडल्यावांचोन कोणास आंत घ्यावयाचें नाहीं ऐसा हुकूम जाहला. घरीं टीव्ही आहे काय, कांदालसूण खातां काय, रात्रीं दहानंतर काय करितां, आणि चवथा प्रश्न सर्वांत दांडगा, ब्राह्ममुहूर्तावर उठतां काय. आम्हीं चवथ्या प्रश्नास "होय, सहकुटुंब" ऐसें लिहिलें. त्या समयीं सकाळचे साडेनऊ जाहले होते आणि आम्हीं दांतही घांसले नव्हते. असो. खोटें लिहोन आंत आलों, तें येथें खरें लिहोन फेडितों.

येणेंप्रमाणें चाळीस कुळें जमा जाहलीं आणि मोठा गजर जाहला. परंतु दरबारांत पाहतां काय, मुलें कोणाचीं रांगतीं, कोणाचीं अद्यापि पोटांत, आणि एका दांपत्यास तर मूल नव्हतेंच, पुढें होईल या भरंवशावर वर्गणी भरली होती. अकरा वर्षांची एक कन्या निघाली, ती न्यूजर्सीस. इकडील सकाळ तों तिची निजावयाची वेळ. मग बाकीचे काय करीत? तर लढत. प्रथम तुपाचें युद्ध जाहलें, देशी गाईचें कीं म्हशीचें, त्यांत तीन कुळें रुसोन गेलीं. मग एकादशीस मौन पाळावें, कोणीं मेसेज धाडूं नये, ऐसा पंतांचा हुकूम निघाला, तों त्या पक्षीं पंचांगांत एकादश्या दोन आल्या, एक स्मार्त आणि दुसरी भागवत. स्मार्तांच्या मौनाच्या दिवशीं भागवत बोलों लागले, आणि भागवतांच्या दिवशीं स्मार्त त्यांस जाब पुसों लागले, आणि मौनाचे त्या दोन दिवसांत जितके मेसेज आले तितके मागें पुढें कधींही आले नाहींत. मुलांविषयीं त्यांत एकही नव्हता.

ऋजुता रोज पुसे, "आई, कोणी आलं का?" आणि बाईसाहेब म्हणत, "येतील गं, राज्य वाढतंय." ऐसें करितां श्रावण आला. मग एके दिवशीं वेशीवर नवा अर्ज आला. सुवर्णाबाई पाचंगे म्हणोन एक बाई, जातीच्या गोंधळी, नवरा देवीचा गोंधळ घालितो, लग्नांत, नवसांत, गांवोगांवीं संबळ वाजवीत फिरावें लागतें, सबब कन्येस शाळा जमत नाहीं, तिला आईबाप वाटेंतच पढवितात. कन्येचें नांव तुळजा, वय बारा, आणि घर कालव्यापलीकडे, चालत गेल्यास अर्धा तास. बाईनें प्रश्नांस उत्तरें लिहिलीं तीं आम्हीं स्वतः वाचिलीं. "टीव्ही आहे, बिघडलाय. रात्री दहानंतर काय करता? दहानंतरच तर आमचं काम सुरू होतं, देवीपुढं उभं राहतो, पहाटेपर्यंत. ब्राह्ममुहूर्तावर उठता का? नाही, तेव्हा आम्ही झोपतो. खाण्यात देवीचा प्रसाद येईल तो. काय होता ते विचारू नका. पोरीला येतं काय? संबळ, चाळीस गाणी, आणि अपूर्णांक."

हें वाचोन पंतांची मर्जी बहुत खट्टी जाहली. पंतांनीं लिहिलें, "ब्राह्ममुहूर्तावर झोपतात! अहो ताई, अशानं वातावरण बिघडेल. हे निशाचर लोक." आतां पाहा, जी बाई अंबाबाईपुढें रात्रभर जागते तिला हे निशाचर म्हणतात, आणि अंबाबाईचा फोटो दरबाराचे माथ्यावर यांनींच लाविलेला! आम्हांस बोलावेंसें वाटलें. परंतु आम्ही बोललों नाहीं, कारण चवथ्या प्रश्नाची धास्ती. बाईसाहेब मात्र घुटमळल्या. ऋजुता खांद्यावरोन वाचीत होती, ती म्हणाली, "आई, ही बारा वर्षांची आहे. इथेच राहते. संबळ वाजवते!" बाईसाहेब म्हणाल्या, "नियम म्हणजे नियम, ऋजू. एकीला सोडलं तर सगळे बोलतील." आणि बोट पुढें केलें आणि अर्ज नाकारिला.

कन्या उठोन पुनः सागरगोटे घेऊन बसली. सायंकाळीं जेवणाचे ताटावर येऊन तिनें शांतपणें सांगितलें, "आई, दिवाळीपर्यंत मैत्रीण दे. नाहीतर मला शाळेत घाल. मला शाळा आवडणार नाही, माहितीये मला. पण तिथे मुलं असतात." कौस्तुभरावांनीं वरणभात कालविला आणि पुनः कालविला.

त्याउपरी भाद्रपदांत राज्यावर मोठें अरिष्ट आलें. हेरंबपंतांचा नेम ऐसा कीं रोज पहांटे साडेचारास दरबारांत मेसेज यावा, "आत्ताच स्नान आटोपून आसनावर बसलो आहे. आपण उठलात ना?" त्यास मिनिटभरांत बाईसाहेबांचें उत्तर येई, "उठले!", आणि तें वाचोन बाकीचीं कुळें लाजेनें पांघरुणांत मरत. एके पहांटे तो मेसेज आला, आणि पाठोपाठ पंतांचे पत्नीचा, यशोधराबाईंचा, एक आवाजी मेसेज आला. त्यांस तो आपले बहिणीस धाडावयाचा होता, परंतु डोळ्यांवर झोंप, तो दरबारांत आला. उघडोन ऐकतां काय, प्रथम रेड्यानें चिखलांत लोळावें ऐसें प्रचंड घोरणें, आणि मागाहून बाईंचा दमलेला आवाज, "ऐक गं, ऐक! रात्रभर हे असं. आणि मेसेजला टायमर लावून झोपतात. मी मेले उठते, बंबात पाणी तापवते, आणि पुण्य यांना!" हा आवाज सर्वांनीं ऐकिला, आणि मग सर्वांनीं आपापले आप्तांस ऐकविला.

मग जो दंगा जाहला त्याचें वर्णन कोठवर करावें! कोणी म्हणाला पंत लबाड, कोणी म्हणाला तुमच्या घरीं शनवारी पिझ्झा येतो तो आम्हीं पाहिला, आणि कोणाचे लसणाचे, कोणाचे टीव्हीचे, सर्व पडदे फाटले, आणि दोन प्रहरपर्यंत एकोणीस कुळें राज्य सोडोन गेलीं. बाईसाहेब प्रथम पोट धरोन हंसल्या. मग एकाएकीं थांबल्या आणि यजमानांस म्हणाल्या, "अहो, माझाही टायमरच आहे." कौस्तुभराव म्हणाले, "माहितीये. मी तुझ्या शेजारीच झोपतो." बाईसाहेब मोबाईल पालथा ठेवोन म्हणाल्या, "म्हणजे चाळीस घरांत खरं कोणीच लिहिलं नाही. एकीनं लिहिलं, तिला मी बाहेर काढलं." आणि त्यांस स्वतःची ऐसी लाज वाटली कीं चार दिवस त्यांनीं मोबाईल हातीं धरिला नाहीं.

परंतु मानी माणसास पाय उचलावयास वेळ लागतो. पितृपक्ष गेला, नवरात्र बसलें आणि उठलें, दसरा जाहला, दिवाळी पंधरा दिवसांवर आली. कन्या कांहीं पुसत नव्हती, आणि तेंच बाईसाहेबांस सहन होईना. मग एके सकाळीं उठोन म्हणाल्या, "चल ऋजू, चप्पल घाल." आणि मायलेकी कालव्यापलीकडे चालत निघाल्या. अकराचे सुमारास पाचंग्यांचे दारीं पोहोंचल्या, कडी वाजविली, पुनः वाजविली, मग दार उघडलें आणि सुवर्णाबाई उभी राहिली, केस विस्कटलेले, कपाळावर रात्रीचा भंडारा तैसाच. ती म्हणाली, "बारा वाजल्याबिगर आमच्याकडं उजाडत नाही, बाई. कोण तुम्ही?"

शर्वाणीबाईसाहेबांनीं वाटेंत मोठें भाषण योजिलें होतें, तें सर्व विसरल्या. "मी त्या ग्रूपची. तुमचा अर्ज मी नाकारला. चुकलं माझं. तुम्ही खरं लिहिलंत आणि आम्ही सगळे खोटे निघालो. ही माझी मुलगी. तिला तुमच्या तुळजाशी मैत्री करायची आहे." सुवर्णाबाई दाराच्या चौकटीस टेकली, मायलेकींस आपादमस्तक न्याहाळिलें आणि म्हणाली, "तुम्ही सात इचारलेत. मी एकच इचारते. भांडते का तुमची पोरगी?"

बाईसाहेबांची छाती फुगली. आयुष्यांत प्रथमच परीक्षेचा प्रश्न सोपा आला! त्या म्हणाल्या, "छे हो! अजिबात नाही. अतिशय शांत आहे. आवाज म्हणून चढवत नाही कधी."

सुवर्णाबाईनें मान हलविली. "मग अवघड हाय, ताई. आमची एक नंबरची भांडकुदळ. गप पोरीसंगं तिचं दोन दिस बी टिकत नाही. मागं एक आणली व्हती, ही भांडती आणि ती नुस्ती बघती. दोघी बी रडल्या. नको, उगं तुमच्या लेकराला तरास." आणि तिनें दारावर हात ठेविला, वाईट मनानें नव्हे, झोंपेनें.

तों ऋजुता पुढें आली. ती मोठ्यानें बोलली, इतक्या मोठ्यानें कीं बाईसाहेब दचकल्या. "मी भांडीन! मला येतं की नाही ते मला माहीत नाही. मला भांडायला कोणी दिलंच नाही कधी!"

सुवर्णाबाई दारांतून बाजूस सरली. आंतोन गोधडींतून एक झिपरें डोकें वर आलें आणि म्हणालें, "मग ये की आत. चपला तिथं नको काढू, इकडं काढ." ऋजुता म्हणाली, "इकडेच काढल्यात!" झिपरें म्हणालें, "इकडं म्हंजे इकडं! ती जागा संबळाची हाय, कळत नाय?" ऋजुता म्हणाली, "मग पाटी लाव ना तशी! मला काय स्वप्न पडतं?" आणि दोघीही तणतणत आंत गेल्या, आणि आंतोन एकावर एक आवाज चढत गेला. शर्वाणीबाईसाहेब पायरीवर मटकन बसल्या आणि पदरांत तोंड घालोन रडल्या. सुवर्णाबाई शेजारीं बसली आणि म्हणाली, "रडू नका ओ, जुंपलीय की छान. च्या टाकते."

येणेंप्रमाणें हकीकत जाहली. दरबार अद्यापि चालू आहे, हेरंबपंत अद्यापि ॲडमिन आहेत, तुपाचा निकाल लागलेला नाहीं. ऋजुता शाळेंत गेली नाहीं. दुपारीं बारानंतर कालव्यापलीकडे जाते. या सालांत उभय राजकन्यांमध्यें सतरा युद्धें जाहलीं आणि सतरा तह जाहले. अठरावें युद्ध हें लिहितेवेळीं चालू आहे. कळावें.