बारा अळ्यांचा निकाल

माझ्या हातून घोळ होत नाही, असं मी प्रयोगशाळेत सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं. त्यामुळे घोळ झाला तेव्हा बरेच जण मनातून खूश झाले.

मी अळ्या पाळते. खाण्यात कॅडमियमसारखा विषारी धातू आला, तर अळी स्वतःला कशी वाचवते, हा माझा विषय. विष पोटात गेलं की तिच्या अंगातली बचावाची एन्झाइमं कामाला लागतात आणि आमचं यंत्र ती मोजतं. खाद्य म्हणजे पिठाची पिवळट वडी. एका डब्यात स्वच्छ, दुसऱ्यात विषाची. आमचा फ्रिज बिघडला, म्हणून फक्त एका दिवसासाठी दोन्ही डबे चहाच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये ठेवले. नावं लिहिली होती झाकणांवर. सफाईच्या मावशींनी ती झाकणं घासून लख्ख केली!

आमचे विभागप्रमुख सर सध्या डाएटवर आहेत. घरून रोज काहीतरी पौष्टिक येतं, ते अगदी तशाच डब्यात. दुपारी ते चहाच्या खोलीतून तोंड पुसत आले.

"आजचं जरा बरं होतं," ते म्हणाले.

मी फ्रिज उघडला. सरांचा डबा जागेवर होता. माझा एक नव्हता.

डॉक्टर म्हणाले, एवढ्यानं जीव जाणार नाही, पण दाखल करा आणि डबा कोणता होता ते शोधा. सरांना पलंगावर झोपवून मी धावत परत आले आणि उरलेल्या डब्यातली वडी बारा अळ्यांना घातली. त्या खात होत्या आणि मी एकेक घास मोजत होते.

दुसऱ्या दिवशी आकडे आले. एन्झाइमं नेहमीच्या तिप्पट! बिचाऱ्या अळ्या विषाशी झुंजत होत्या. म्हणजे विषाचा डबा माझ्याकडेच होता. मी यंत्रासमोर बसून चक्क रडले.

"नक्की ना?" सरांनी विचारलं.

"बारा अळ्यांनी सांगितलंय, सर."

"मग झालं तर. बाराजणी कशाला खोटं बोलतील?" म्हणत त्यांनी उशीवर डोकं टेकलं.

आठवड्यानं मी त्याच आकड्यांचा तक्ता अहवालात जोडला. सरांनी लाल शाईत शेरा मारला: 'नमुने फक्त बारा. यावरून काहीही सिद्ध होत नाही.'

तेरावा नमुना समोरच खुर्चीत ठणठणीत बसला होता, पण ते अहवालात लिहायचं कसं?