यमूअक्कांचे माहेरपान आणि धाकट्या बहिणीचा रुसवा

श्री वाग्देवीचे चरणी मस्तक ठेवून, आणि ज्या तारेतून शब्द धावतात त्या तारेसही हात जोडून, जैसे ऐकिले तैसे लिहितो. शके १९२२, विक्रमनाम संवत्सरी, जालराज्य नुकतेच वसत होते. तेथे जागा फुकट मिळे, सबब ज्यास जे आवडे त्याने त्याची वेबसाइट बांधावी ऐसा सुकाळ. आणि कोणी पाखरांचे आवाज मांडिले, कोणी लोणच्यांच्या कृती, एकाने तर नुसती एस.टी.ची तिकिटे लाविली आणि तीही पाहावयास लोक येत; आणि दाराशी आल्यागेल्यांचा आकडा फिरे, तो शंभरावर गेला म्हणजे धन्यास राज्याभिषेकाचा आनंद होई. तेसमयी यमूअक्का दोडके, लग्नपत्रिकांची अक्षरे संगणकावर जुळविण्याचे कसबात नामांकित, यांणी 'माहेरपान' नामे वेबसाइट उभारिली आणि खाली अभिप्रायवही मोकळी ठेविली, की दूरदेशीच्या लेकींनी येऊन एकेक ओवी लिहावी. मग दुबईहून आल्या, शिकागोहून आल्या, आणि वही भरोन वाहू लागली.

त्याच साली धाकटी बहीण चंद्राबाई हिचे कन्येचे लग्न निघाले, आणि पत्रिका अक्कांनीच जुळविली, आणि 'आपले विनीत' या रांगेतून चंद्राबाईंचे थोरले दीर गळाले. दीर भरमांडवातून उठोन गेले, मग चंद्राबाई जी रुसली ती रुसलीच. अक्का फोनवर बोलल्या, "चंदे, तुझ्यासाठी वहीत ओवी लिवलीय, बघ तरी." ही म्हणाली, "भावजींचं नाव लिवलंय का त्यात? मग कशाला बघू?" आणि फोन ठेविला. ऐसी वर्षे लोटली. मग शके १९४५ साली अक्का कैलासवासी जाहल्या, आणि पुढील साली फुकट जागांचे धन्याने फर्मान काढिले की जुन्या वेबसाइटी समूळ मोडू. बातमी चंद्राबाईंचे कानी आली तो तीनच दिवस उरले, आणि बहिणीने आपणांस काय लिहिले, ते वाचावयाचेच राहिले होते.

मग त्या रझिया मुलाणी यांजकडे गेल्या. रझियाबी पूर्वी अक्कांचे हाताखाली पत्रिका जुळवीत, आता ऑनलाइन फॉर्म भरण्याचे दुकान चालवितात. माहेरपान उघडिले तो अवघी परकी चिन्हे, टिंबे आणि काड्या. चंद्राबाई म्हणाल्या, "अगं रझिया, हे उंदरानं कुरतडलं का काय?" रझियाबींनी भाषांतराचे ॲप लाविले. त्याने बहुत विचार करोन सांगितले की ही कोण्या बर्फाळ मुलुखाची भाषा असावी, आणि अर्थ दिला, 'मेंढी, होडी, काका'. "काका?" चंद्राबाई दचकल्या, "म्हंजे भावजी हितं बी आलेच की!" मग दोघी पोट धरोन हसल्या, आणि हसता हसता एकीस रडू आले.

तेव्हा रझियाबींस उमगले की ही मराठीच, जुन्या फॉन्टची. तो फॉन्ट आता कोणाचे संगणकी नाही, म्हणोन अक्षरे वेष पालटून बसली. शोध घेता एक साधन सापडले, फॉन्ट-परिवर्तक. कोण्या भल्या माणसाने बांधोन फुकट ठेविलेले, ना जाहिरात ना तोरा. जुनी अक्षरे डावे खणात घालावी, आजची मराठी उजवे खणात निघे. परंतु ते पुसे, फॉन्ट कोणता? आणि नावे शंभर. "अक्कांनी जुळवलेली एखादी पत्रिका हाय का घरी?" चंद्राबाई जाऊन ट्रंकेच्या तळची पत्रिका घेऊन आल्या; तीच, दीर गळालेली. "फाडली न्हाईत व्हय चंद्राक्का?" "घेतली हुती फाडायला, चारदा." रझियाबींनी अक्षरांवर बोट फिरविले. "ही कोयरीगत वेलांटी बघा. हा 'मोगरा' फॉन्ट. अक्का दुसऱ्याला हात लावायच्या न्हाईत." मग मोगरा निवडिला, कळ दाबिली, आणि ओव्यांचा लोंढा आला, त्यात ही एक:

रुसली भैण माझी, तिला रुसू द्या गं बाई,
तिच्या वाटची करंजी, मी उष्टी केली न्हाई.

चंद्राबाईंनी ओवी दोनदा मोठ्याने वाचिली. मग म्हणाल्या, "मला जबाब लिवायचाय." "परवा मोडणार हाय हे, चंद्राक्का. कोण वाचणार?" "तू टाईप कर गं." आणि त्यांणी सांगितले:

इतकी राखलीस, करंजी झाली गार,
उशिरा आले गं मी, उघड अक्का दार.

लिहिले तो वहीत नुसती प्रश्नचिन्हे उमटली. जुने वहीस आजची मराठी कळेना. मग रझियाबींनी परिवर्तक उलटा फिरविला, उजवीकडून डावीकडे, आणि बाईंचे शब्द मोगऱ्यात घालोन अक्कांचे ओवीखाली ठेविले. डोळ्यांस पुन्हा तीच चिन्हे, टिंबे आणि काड्या. रझियाबी म्हणाल्या, "आता हे कुणालाच वाचता यायचं न्हाई." चंद्राबाई म्हणाल्या, "अक्काला येतं."

तिसरे दिवशी माहेरपान मोडले. त्यातील ओव्या दोनशे चौदा उतरोन घेतल्या, त्या रझियाबींचे दुकानी छापून आहेत, मागेल त्या बाईस वाचावयास मिळतात. चंद्राबाईंची ओवी मात्र छापली नाही, ती बाईंनीच नको म्हटली. ती जिथली तिथे गेली. हकीकत इतकीच, अधिक-उणे ऐकणाराने पदरात घ्यावे.