खिडकीवाल्या काकूंची रजा

आमच्या कार्यालयात रजेची फाइल एकच असून ती सर्वांच्या सामाईक ड्राइव्हवर ठेवलेली असते, हे प्रथम नोंदवतो. ड्राइव्हची देखभाल माझ्याकडे आहे. दाखल्यांच्या खिडकीवर बसणाऱ्या काकूंनी आठ दिवसांची रजा मागितली. लेकीचे दिवस भरत आले होते, आणि पहिलटकरणीजवळ आई हवीच. यात गुंतागुंतीचं काहीही नव्हतं. तिथेच घोडं अडलं.

साहेबांनी घरी बसून लॅपटॉपवर उतरवलेल्या प्रतीत रजा मंजूर केली. घरी नेटवर्क नव्हतं, त्यामुळे मंजुरी ड्राइव्हवर पोचली नाही. त्याच दुपारी हेडक्लार्कनी ऑफिसात त्याच फाइलमध्ये ती नामंजूर केली. सकाळी साहेबांनी लॅपटॉप जोडला, तेव्हा संगणकाने त्यांना तोंडावर विचारलं : प्रती दोन झाल्या आहेत, कोणती ठेवायची? आमच्या साहेबांना असं थेट आजवर कुणी काही विचारलेलं नाही. मला तातडीचं बोलावणं आलं.

"तुमची ठेवू, साहेब?"

"म्हणजे हेडक्लार्क तोंडघशी पडणार. नको."

"मग त्यांची ठेवतो."

"अरे, मग मी खोटा ठरतो त्याचं काय? दोन्ही ठेव!"

ठेवल्या. चौकशीसाठी तिघांची समिती नेमली. फाइलचा शांतपणे अभ्यास व्हावा म्हणून तिघांनी ती आपापल्या लॅपटॉपवर घरी नेली, स्वल्पविराम सुधारले आणि परत आणली. प्रती पाच झाल्या. मग मी जो तोडगा काढला, त्याचा मला आजही अभिमान आहे. भांडण जोडल्यामुळे होतं ना? मग जोडायचंच नाही! आठवडाभर सगळं कार्यालय नेटवर्क काढून बसलं आणि एकही तक्रार आली नाही. सोमवारी सगळ्यांनी एकदम जोडलं, तेव्हा प्रती एक्केचाळीस निघाल्या. एकीत प्रसूती रजा साहेबांनाच मंजूर झालेली होती. तीही ठेवा, असं साहेब म्हणाले.

इतक्यात काकू माझ्या टेबलाशी आल्या.

"अरे बाबा, लेकीला दवाखान्यात नेलंय. आई कुठाय, आई कुठाय करतेय ती. मी जाऊ की बसू?"

मी सगळ्या प्रती चाळल्या. "काकू, नियमाप्रमाणे तुम्हाला दोन्ही करायचंय."

"डोंबल तुमचं! तिच्या कळा थांबणारेत का तुमच्या प्रतींसाठी?"

पिशवी उचलून त्या तरातरा निघून गेल्या. संध्याकाळी निरोप आला, नात झाली, दोघी सुखरूप. आम्हाला खरंच आनंद झाला. हेडक्लार्कनी तर डोळे पुसले.

आता नोंदींविषयी. रजा नामंजूर असलेल्या वीस प्रतींनुसार काकू ते आठही दिवस खिडकीवर हजर होत्या. तेव्हा त्या आठ दिवसांत पाऊण-पाऊण तास रांगेत उभं राहून, रिकाम्या खुर्चीकडे बघत आमच्या नावाने बोटं मोडणारे तुम्हीच ना? काकू तुमच्या समोरच बसल्या होत्या. तुम्ही आल्याची नोंद मात्र आमच्या एकाही प्रतीत नाही.