रुपीबाईचं मोकळं मनगट

कापूस वेचून वेचून रुपीबाईचं उजवं मनगट असं सुजलं, की हाडाच्या बांगड्या, तिच्या बलिया, मांसात रुतून बसल्या. अंगठा हलवला तरी कळ खांद्यापर्यंत जायची. सासू रामीबाई म्हणायची, "कामाच्या हाताले काय होते? दळत राह्यली का आपोआप मोकळा होते." म्हणून रुपीबाई रडत रडत दळायची. नवरा फुलचंद आदिलाबादकडच्या जंगलात बांबू तोडायला गेलेला. दिवाळीपासून त्याची खबर नव्हती, आणि दुखणं सांगावं असं दुसरं माणूस तांड्यात नव्हतं.

घाटंजीच्या बाजारी ती दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाले, "मनगटाची नस सुजली आहे. बांगड्या काढ आणि हाताला आराम दे." बलिया निघेनात, तेव्हा कंपाउंडरनं त्या पकडीनं फोडल्या. नवरा मेल्याशिवाय तांड्यातली बाई बलिया उतरवत नाही, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार? रुपीबाईला ठाऊक होतं, पण दुखण्यापुढे तिचं काही चाललं नाही. मोकळं मनगट ओढणीत लपवून ती रस्ताभर रडत आली.

विहिरीवर बिजलीबाईनं नेमकं ते मनगट पाहिलं. बाजारातून वाईट खबर आली म्हणायची! घागर तिथंच टाकून ती पळत सुटली. रुपीबाई घरी पोचेपर्यंत रामीबाई छाती पिटत होती.

"अवं याडी," रुपीबाई सासूला आई म्हणून विनवू लागली, "तसं नाही. हात सुजला म्हून काढल्या."

"हात सुजला म्हनते," रामीबाईनं सुनेला कवटाळलं. "पोरीच्या डोस्क्यावर परिनाम झाला वं."

तांड्याच्या नायकानं, हरिसिंगनं, दोन माणसं जंगलाकडे मयत आणायला धाडली.

रुपीबाई जितकं खरं सांगे, तितक्या बाया जास्त रडत. मात्र तिला जात्याला कोणी हात लावू देईना. रामीबाई स्वतः दळायची आणि सुनेच्या मनगटाला हळद-तेल चोळायची. लग्न होऊन आल्यापासून सासूचा हात असा अंगावरून फिरला नव्हता. सूज उतरली, अंगठा वळू लागला. रुपीबाईला स्वतःचीच शरम वाटली, कारण आता ती खरं सांगायचा कंटाळा करू लागली होती. मग मनात पाल चुकचुकली. खरंच काही झालं असलं तर? बलिया तर आपणच फोडून घेतल्या. त्या धास्तीनं ती दिवसातून दहादा जंगलाची वाट बघून यायची.

अखेर मयत आणायला गेलेली माणसं मयतालाच चालवत घेऊन आली. वाटेत त्याला काही सांगायची त्यांची हिंमत झाली नव्हती. दारातली गर्दी पाहून फुलचंद चपापला.

"कोन मेलं?"

"आमच्या हिशोबानं, तूच," हरिसिंग म्हणाला.

रुपीबाईचा जीव भांड्यात पडला. रामीबाई हसली, रडली, लेकाच्या गळ्यात पडली आणि तिनं लगेच नव्या बलिया मागवून, तेल लावून सुनेच्या हातात चढवल्या. मग रडायला आलेले पाहुणे आता जेवूनच जाणार, हे तिच्या ध्यानात आलं.

"ऊठ रुपी, पायलीभर ज्वारी दळून टाक. देवानं तुले सारं परत देल्लं."

रुपीबाई जात्याशी बसली. पहिल्याच फेऱ्याला जुनी कळ मनगटातून उठली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"पाहा, कशी खुशीनं रडून राह्यली," बिजलीबाई म्हणाली. अंगणात फुलचंद लाजून हसला.

रुपीबाईनं या वेळी कोणाला काही सांगितलं नाही. तिनं डाव्या हातानं ज्वारीची दुसरी मूठ जात्यात टाकली.