घळीतला गंगाधरमामा

आमचा गंगाधरमामा रामराम घ्यायच्या आधी भांडण काढतो. पाटोद्याच्या बाजारात ओळखीचा माणूस दिसला, की त्याने तोंड उघडायच्या आत मामा सुरू होतो. "कावून आलास? लई शहाणे तुमी. मला सांगू नको." 'मला सांगू नको' हे त्याचं पालुपद. गिरणीत डबा आपटतो, "रोजच्यावानी दळ, मला सांगू नको." एसटीत कंडक्टरच्या अंगावर खेकसतो, "पाटोदा एक, मला सांगू नको."

गावाशी भांडला तर भांडो. पण माझी आई चौसाळ्याहून दर रविवारी या सख्ख्या भावाला फोन करते आणि हा पठ्ठ्या मिनिटभर करवादून "ठेव आता" म्हणत फोन बंद करतो. मग आई डोळे पुसत माझ्यामागे लागते. "पूर्वी असा नव्हता रे. माझं काय चुकलं, तेवढं विचार त्याला."

ऐन श्रावणात माझं डोकं फिरलं. गाडी काढली आणि तडक मामाचं दार गाठलं. आज त्याची खरडपट्टी काढायचीच होती.

"मामा, तू आईशी..."

"आधी धबधबा बघ. मला सांगू नको. चल बे."

गावामागच्या डोंगरात एक घळ आहे. इतकी अरुंद की दोन्ही खांदे कातळाला घासतात. आत धबधबा आहे, हे बाहेरून कुणाला सांगून पटायचं नाही. गुडघाभर पाण्यातून मामा पुढे, मी मागे धुमसत. "शहरात ऱ्हाऊन चालायचं बी इसरला," तो ओरडला. चौसाळा हे शहर आहे, हे मला तिथे कळलं.

शेवटच्या वळणावर धबधबा दिसला आणि मी तोंड सोडलं. बहिणीला रडवतोस, लाज कशी वाटत नाही, काय वाट्टेल ते बोललो. पाण्याच्या आवाजात माझं मलाच ऐकू येईना. मामा मात्र भांडायचा थांबला होता. कपाळावर आठी नाही. मग त्याने डोक्यावरून पदर घेतल्यासारखं केलं, गुडघ्यावर हात ठेवला आणि दोन पावलं लंगडत चालून दाखवलं. हुबेहूब आई. आता कशी आहे, असं भुवया उडवून विचारलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मामाला ऐकू येत नाही. आयुष्यभर त्याने गावातल्या बहिऱ्यांची टिंगल केली होती, आणि आता पाळी त्याची होती. भांडणाऱ्याच्या वाटेला कुणी जात नाही, म्हणून तो भांडत होता. धबधब्यापुढे मात्र आम्ही दोघेही बहिरे होतो. मला स्वतःचाच भयंकर राग आला.

मीही लंगडून दाखवलं. गुडघा दुखतोच अजून, एवढंच उत्तर.

घळीबाहेर पाण्याचा आवाज ओसरला, तसा मामा पुन्हा तडकला. "दवाखान्यात कावून नेत न्हाईस तिला? मला सांगू..." आणि मधेच थांबला.

"मी फोन ठेवला की रडती का रं ती?"

उत्तरासाठी तो माझ्या ओठांकडे बघत उभा राहिला.